आधी तुझी मजुरी लिही

काल रात्री तू फोन ठेवलास आणि मला काही केल्या झोप लागेना. "ताई, खर्च किलोला दोनशे, विकायची दोनशे ऐंशीला. ऐंशी रुपये सरळ सुटतात गं!" इतक्या आनंदाने सांगत होतीस की मधे तोंड घालवेना. हो हो म्हटलं आणि फोन ठेवला. पण सकाळी चहा उकळेपर्यंत हिशोबाच्या वहीचं मागचं पान फाडलं, तुझ्या चकलीचा हिशोब मांडला, आणि तो बघून पुन्हा गप्प बसले. आता दुपार आहे, तळण आटोपलंय, हे ऑफिसात आहेत. तूही पोरांना झोपव आणि निवांत ऐक. रागावू नकोस. रागावलीस तरी शेवटपर्यंत ऐक.

तुझा दोनशेचा आकडा खोटा नाही. मीही तेवढाच काढला. तीन किलो भाजणीचा घाट घातला तर साधारण चार किलो चकली पडते. तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, मूग, धणे-जिरे आणि दळणावळ मिळून भाजणी २९० रुपयांची. मोहनाचं आणि तळणीचं तेल, शिवाय शेवटी कढईत उरतं आणि पुन्हा वापरता येत नाही ते, असे २२०. तिखट, तीळ, ओवा, हिंग, मीठ ८०. गॅस ७०. पाव किलोची सोळा पाकिटं, चिकटपट्टीसकट सात रुपयांना एक, म्हणजे ११२. रिक्षाचे ४०. बेरीज ८१२. चाराने भाग, २०३. बरोबर आहे बाई तुझं.

आता मला सांग, या हिशोबात तू कुठे आहेस?

धान्य निवडून भाजायला दोन तास. गिरणीत जाऊन, नंबर लावून, दळून आणायला एक. पीठ मळणं, पाडणं, तळणं, चार तासांच्या खाली नाही. गार करून, तोलून, पाकिटं भरून, सील करून दीड तास. पोचवायला आणि फोन घ्यायला अर्धा. नऊ तास झाले. २८० च्या भावाने चार किलोचे येणार ११२०, त्यातून ८१२ वजा केले की राहिले ३०८. नऊ तासांचे ३०८. तासाला चौतीस रुपये! आपल्याकडे भांड्याला येणाऱ्या मावशी याहून जास्त घेतात, आणि घ्यायलाच हव्यात. तू मात्र उकळत्या तेलासमोर उभी राहून चौतीस रुपयांत खूश आहेस, कारण तुझा वेळ फुकट आहे असं सगळ्यांच्या आधी तूच ठरवून टाकलंस.

मीही हेच केलं होतं, म्हणून सांगते. २०१४ च्या दिवाळीत मी पहिल्यांदा ऑर्डरी घेतल्या. भाऊबीजेच्या रात्री डबा उघडला, नोटा मोजल्या, सात हजारांवर निघाल्या. मी हरखले. हे म्हणाले, "किती दिवस करत होतीस?" मोजले तर बावीस दिवस. त्यातली कामाला आलेल्या बाईची हजेरी द्यायची राहिली होती. ती दिली आणि उरलं त्यातून पाठदुखीसाठी डॉक्टरकडे जाऊन आले. पुढच्या वर्षीपासून वहीत पहिली ओळ 'माझी मजुरी' अशी लिहायला लागले. मालाच्या आधी, तेलाच्या आधी.

तर तुझ्या हिशोबात तासाला सत्तर धर. जास्त नाही, सत्तरच. नऊ तासांचे ६३० झाले. आता एकूण १४४२, म्हणजे किलोला ३६० रुपये. आणि हा तुझा खर्च आहे, भाव नव्हे. याच्यावर काही राहिलं तर तो धंद्याचा नफा. त्यातून चुरा झालेल्या चकल्या, फसलेला घाणा आणि पुढच्या वर्षीची मोठी कढई निघाली पाहिजे. माझ्या हिशोबाने ४४० च्या खाली तू विकूच नयेस. पाव किलोचं पाकीट ११० ला.

"ताई, एवढ्या महाग कोण घेईल?" हे तू म्हणणार, मला ऐकूसुद्धा आलं. जो घेणार नाही तो तुझं गिऱ्हाईक नाही. त्याच्यासाठी दुकानात कारखान्याची चकली टांगलेली आहे, आणि तिच्याशी भावात भांडायला तुझ्याकडे कारखाना नाही. तुझ्याकडे आईच्या हाताची भाजणी आहे. ती ज्याला कळते तो ११० देतो, वर पुन्हा फोन करतो. पहिल्याच दिवशी स्वस्त विकलंस ना, तर नंतर भाव वाढवताना जीव जातो. दहा रुपये वाढवले की 'आता हिला पैसा दिसायला लागला' असं बोलतात. मी ऐकलंय.

तू गिरगावातल्या त्या सात बायकांचं उदाहरण देत होतीस ना, लिज्जतचं? दे, चांगलं आहे, पण पूर्ण दे. १५ मार्च १९५९ ला इमारतीच्या गच्चीवर त्या बसल्या, ८० रुपये उसने घेतलेले, आणि पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याला विकली. हे सगळ्यांना पाठ असतं. त्यांतल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा पुन्हा सगळीकडे छापून आलं. पण त्यांच्याकडे 'वणई' म्हणून एक शब्द आहे, तो फारसा कुणी सांगत नाही. वणई म्हणजे पापड लाटण्याची मजुरी. जी बहीण लाटेल तिला तिची वणई मिळते, नफ्या-तोट्याचं पुढचं पुढे. मला विचारशील तर त्या ८० रुपयांपेक्षा मला ही वणई मोठी वाटते. उसने पैसे कुणीही आणतं गं. बाईच्या हाताला दर लावायचं धाडस कमी जणांना होतं.

आता तुझे वीस हजार.

भिशीचे आहेत, तीन वर्षं साठवलेस, मला माहीत आहे. म्हणून तुझी खरेदीची यादी बघून माझ्या पोटात गोळा आला. चकलीचं विजेवरचं मशीन चौदा हजारांचं, लोगो करून देणारा मुलगा, हजार छापील पाकिटं. बये, अजून एक पाकीट विकलं गेलेलं नाही! पत्ता बदलला, वजन बदललं, नाव आवडेनासं झालं, की ती हजार पाकिटं माळ्यावर. माझ्या माळ्यावर आहेत अजून, 'मेतकूट' ऐवजी 'मेतकुट' छापलेली. ऱ्हस्व-दीर्घाची चूक आपल्या सदाशिव पेठेतल्या गिऱ्हाइकाने दाखवली नसती तरच नवल.

मशीन नको. सोऱ्या आहे. दिवसाला चार किलोला पितळी सोऱ्या पुरतो. रोज दहा किलोची मागणी सलग दोन महिने आली की मग मशीनचं बघू, आणि तेव्हा ते धंद्याच्या पैशातून येईल.

ते वीस हजार मी असे लावीन. काटा बाराशेचा, ग्रॅमपर्यंत दाखवणारा. मापात पाप नको. पाकिटात पाव किलोवर दोन-चार ग्रॅम जास्तच जाऊ देत. हाताने दाबायचं सीलिंग मशीन दीड हजाराचं. साधी कोरी पाकिटं तीनशे आणि चिकटवायची लेबलं, अठराशेत बसव. पुढच्या महिन्यात इकडे पुण्याला आलीस की रविवार पेठेत बोहरी आळीत जाऊ, तिथे पाकिटांची अख्खी गल्ली आहे. पाकीट जाड घे, दोन थरांचं. पातळ पाकिटात चकली आठ दिवसांत मान टाकते. घट्ट झाकणाचे दोन डबे हजाराचे.

गॅसचं नीट ऐक. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर घरच्या स्वयंपाकासाठी असतो, धंद्याला वापरायचा नाही. मोठा १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर तुला आत्ता झेपणार नाही. पण ५ किलोची छोटी टाकी मिळते, नुसत्या ओळखपत्रावर. भाव जरा चढा पडतो, म्हणूनच तर मी हिशोबात ७० धरले. तिच्यासाठी दोन हजार ठेव. शिवाय घरचा सिलिंडर संपला की सासूबाई तुझ्या चकलीकडे बघणार नाहीत, हा वेगळा फायदा.

आणि नोंदणी. खाण्याचं विकायचं तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागतेच, घरातून केलं तरी. ऑनलाइन होते. मी पहिल्यांदा काढली तेव्हा वर्षाला १०० रुपये फी होती, आणि पाच वर्षांची एकदम काढता येत होती. फोटो, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, बस. एजंट दोन-अडीच हजार मागतात, देऊ नकोस. चौदा आकडी नंबर मिळतो, तो लेबलवर छापायचा. त्याच लेबलवर पदार्थाचं नाव, काय काय घातलंय ते, वजन, किंमत, केल्याची तारीख, कधीपर्यंत चांगली राहील ती तारीख, तुझा पत्ता आणि चौकोनातला हिरवा ठिपका. नोंदणीचे पाचशे धर.

झाले आठ हजार. सात हजार खेळतं भांडवल म्हणून बँकेत, त्यातूनच धान्य-तेल आणायचं आणि विक्रीतून तिथेच परत भरायचं. उरले पाच हजार. त्यांना हात लावायचा नाही. घरात कुणी आजारी पडलं तरी ते त्यासाठी नाहीत, हे आत्ताच अहोंना सांगून ठेव. तुझा घाणा फसेल, ऑर्डर रद्द होईल, तेव्हा तुला रडायला न लावता उभं ठेवतील ते हे पाच हजार.

कर्ज आत्ता नको. मुद्रा योजनेत 'शिशु' म्हणून ५० हजारांपर्यंत मिळतं, तारण लागत नाही, सगळं खरं. पण हप्ता लवकर सुरू होतो आणि गिऱ्हाईक काही तितक्या लवकर सुरू होत नाही. वर्षभर वही लिही, मग तीच वही घेऊन बँकेत जा.

खेळत्या भांडवलावरून आठवलं. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांबद्दल आईने सांगितलेलं आठवतंय तुला? गिरणी कामगार महिनाभर जेवायचा आणि पगार झाला की पैसे द्यायचा. हिला धान्य मात्र रोज लागायचं. मग ती वाण्याकडून उधारीवर घेणार, सावकाराचं व्याज भरणार, आणि दिवसाला वीस-पंचवीस माणसं जेवू घालूनही स्वतः कर्जात. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांसाठी. त्यांना एकत्र करून बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा सावकाराचा फास सुटला. त्या बायकांच्या हाताला चव नव्हती का? होती की. पैसा अडकला होता फक्त.

म्हणून उधारी नाही. शेजारणीला नाही, नणंदेला नाही, मंडळाला तर मुळीच नाही. एका गणेशोत्सव मंडळाने माझ्याकडून बारा किलो चिवडा नेला होता. 'विसर्जन झालं की लगेच' म्हणाले. विसर्जनं तीन झाली. मोठ्या ऑर्डरीला निम्मे पैसे आगाऊ, निम्मे माल हातात देताना. मागताना घसा खरवडतो पहिल्यांदा, मलाही खरवडला होता. एक वाक्य पाठ कर: "धान्य भरायचंय, निम्मे आज पाठवता का?" एवढंच. पुढे 'चालेल ना, नाहीतर राहू दे' असलं शेपूट लावायचं नाही.

दुकानात ठेवायची तुला फार हौस आहे, तेही आत्ताच बोलून टाकते. दुकानदार पंचवीस टक्के तरी कापतो. ४४० वर ११० गेले की हातात ३३०, आणि आपला खर्च ३६०. म्हणजे प्रत्येक किलोला तीस रुपये पदरचे घालून तू त्याचं दुकान सजवणार. त्यात बहुतेक जण जाकड मागतात, खपलं तर पैसे, नाहीतर माल परत. मी एका दुकानात दहा किलो दिलं होतं. महिन्याने चार किलो परत आलं. काचेच्या कपाटात उन्हाच्या बाजूला ठेवलेलं, लेबलं उडालेली, उघडून पाहिलं तर तेलाचा खवट वास. ते त्याच्या दारातून बाहेर गेलं असतं तर नाव माझं गेलं असतं. पहिलं वर्ष थेट गिऱ्हाईक. तुमची इमारत, पोरांच्या शाळेतल्या आया, अहोंच्या ऑफिसातले लोक, व्हॉट्सॲपचा एक ग्रुप. त्यात रोज सुप्रभात टाकायचं नाही, आठवड्यातून एकदा 'शुक्रवारी चकली आहे' एवढंच.

आणि चव कशी झाली हे नातेवाइकांना विचारू नकोस. फुकट खाल्लेली चकली कुणालाही छानच लागते. आपल्या मामी तर भात कच्चा असला तरी छान म्हणतात. अनोळखी माणसाने पैसे देऊन नेली आणि तोच माणूस पुन्हा आला, ही खरी पावती. अशी दहा घरं झाली की तुझा धंदा सुरू झाला असं मी मानेन.

घरच्यांना सवलत? दिवाळीला काकूला, आत्याला पाव किलोचं पाकीट भेट म्हणून दे, कौतुकाने दे. पण 'घरचीच आहेस, दीडशेने लाव' याला हसून नाही म्हणायचं. भेट द्यायची ती द्यायची, विकायचं ते भावाने. या दोन्हींची खिचडी केली की नातंही आंबतं आणि वहीही.

आता कधी सुरू करायचं? तू म्हणतेस नवरात्रात. फार उशीर होतो गं. दिवाळीच्या तोंडावर सगळं पुणे, सगळं नाशिक चकल्या विकत असतं. गिरणीवाला दमलेला असतो, भाजणीला नंबर लागत नाही, तेल चढलेलं असतं. तू आषाढात सुरू कर. आषाढात नवं काही करू नये म्हणतात, म्हण आपण सराव करतोय. पावसाळ्यात लोकांना तळलेलं खावंसं वाटतंच, आणि हवेतल्या ओलीत जी चकली पंधरा दिवस कुरकुरीत राहिली ती दिवाळीत महिना राहील. प्रत्येक घाण्यातलं एक पाकीट तारीख लिहून कपाटात ठेवायचं. सातव्या, पंधराव्या, एकविसाव्या दिवशी फोडून खायचं आणि लिहायचं. लेबलवरची 'कधीपर्यंत' ही तारीख अशी ठरते. शेजारच्या पाकिटावरचं बघून नाही.

हेही शिकले ते हात पोळून. पहिल्याच वर्षी एका ऑफिसची ऑर्डर होती, चोवीस पाकिटं. रात्री साडेअकराला शेवटचा घाणा निघाला, सकाळी आठला न्यायला येणार होते. मी कोमटच भरल्या, सील केल्या आणि झोपले. सकाळी पाकिटांना आतून घाम! अगदी बारीक थेंब, काचेवर बसतात तसे. एक फोडली, चकली वाकवली तर मोडेना, रबरासारखी. सहा किलो. फोन करून खरं सांगितलं, दोन दिवस मागून घेतले, पुन्हा सगळं केलं. ते ऑफिस पुढे टिकलं माझ्याकडे, पण त्या सकाळी मी ओट्याला टेकून रडले होते. तेव्हापासून तळण संध्याकाळी सहाला बंद. परातीत कागदावर पसरायच्या, रात्रभर नाही, चार तास, आणि आतली चकली मोडून गाल लावून बघायची. गार लागली तरच पाकिटात.

भाजणीचं तुला येतं, तरी दोन गोष्टी. प्रत्येक धान्य वेगळं भाज, मंद आचेवर. उडीद आणि हरभरा एकत्र टाकलेस तर एक जळेल, एक कच्चं राहील. नुसता रंग बघू नकोस, वास बघ. तांदूळ हलका होतो, कढईत आवाज बदलतो. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्याचं झाकण लावायचं नाही. गिरणीत आधी मिरची किंवा ज्वारी दळलेली असेल तर दुसऱ्या दिवशी जा, लाज बाळगू नकोस. पहिल्या घाण्यात आधी एकच चकली सोडायची. तेलात फुटून पसरली तर मोहन जास्त झालं, थोडी कोरडी भाजणी मिसळायची. दातांना दगड लागली तर मोहन कमी. तेल फार तापलं की वरून लाल, आत मऊ. बुडबुडे मंदावले की काढ. आणि किती मोहन घातलंस ते वाटीने नाही, काट्यावर तोलून लिही. अंदाजाने आई करायची ते आपल्या सहा जणांसाठी होतं. गिऱ्हाइकाला आषाढातली चकली आणि आश्विनातली चकली एकसारखी लागली पाहिजे.

दिवाळी झाली की चकलीचा भर ओसरतो, हे आत्ताच मनात धर. मग थालीपिठाची भाजणी, मेतकूट. श्रावणात आणि एकादशांना उपासाची भाजणी. चैत्र-वैशाखात कुरडया, पण त्याला गच्ची हवी, तुमच्या सोसायटीत आधी विचारून ठेव. परदेशी जाणाऱ्या फराळाची पाकिटं लोक दिवाळीच्या महिनाभर आधीपासून कुरियरला देतात, ती गिऱ्हाइकं वेगळी. त्यांना मोडकी चकली चालत नाही, डबाबंद लागते. ते पुढच्या वर्षी.

एक नाजूक आहे, बोलू का? पैसे घेण्याचा तो क्यूआर कोड तुझ्या खात्याचा लाव. अहोंच्या नाही. माणूस चांगला आहे, त्याबद्दल नाही म्हणत मी. पण त्यांच्या खात्यात गेलेले पैसे विजेच्या बिलात, गाडीच्या हप्त्यात मिसळतात आणि वर्षाच्या शेवटी 'तुझ्या चकलीने काय मिळालं?' असं कुणी विचारलं की तुझ्याकडे दाखवायला काही नसतं. माझी पहिली तीन वर्षं अशीच मिसळून गेली. घरखर्चाला दे की, खुशाल दे, पण तुझ्या खात्यातून तुझ्या हाताने.

सासूबाईंचं तू सांगितलंस, 'ओटा सारखा अडवते' म्हणतात. बरोबर आहे त्यांचं, तीस वर्षांचा ओटा आहे तो. वेळ ठरवून घे. मंगळवार आणि शुक्रवार, अकरा ते पाच. त्याच्या अलीकडे पलीकडे ओटा त्यांचा. आणि त्यांना पाकिटं भरायला बोलाव. फुकट नको, त्यांचीही मजुरी लाव, वीस पाकिटांचे इतके असे. पहिल्या दिवशी 'मला काय करायचेत पैसे' म्हणतील. माझ्या सासूबाईही म्हणाल्या होत्या. तिसऱ्या आठवड्यात बोटांनी मोजत होत्या, आणि मी दोन पाकिटं कमी लिहिली तेव्हा त्यांनीच चूक दाखवली.

बरं, माझी पाच वाजताची गिऱ्हाइकं येतील आता. तू असं कर, या आठवड्यात काहीच विकत घेऊ नकोस. घरात आहे त्यातून एक किलो भाजणी कर, प्रत्येक गोष्ट तोल, प्रत्येक कामाला किती मिनिटं लागली ते लिही, आणि तो कागद मला पाठव. चकली नाही पाठवलीस तरी चालेल, कागद पाठव.

शुक्रवारी भाचा नाशिकला येतोय, त्याच्याबरोबर आईचा सोऱ्या देतेय. चिंच लावून घासून ठेवलाय. चांदणीची चकती आतच आहे, फडक्यात गुंडाळलेली. तिची एक पाकळी जरा मोठी आहे, त्यामुळे चकलीला एका बाजूने काटा जास्त येतो. फाइल घेऊन घासत बसू नकोस. आईच्या वेळेपासून तो तसाच येतो.